फॅलो चतुष्क : शस्त्रक्रियेनंतरचा इतिहास

फॅलो चतुष्क ही एक जन्मजात हृद्‌विकृती असून नीलविवर्णता (त्वचा, ओठ व नखे निळसर दिसणे) निर्माण करणाऱ्या विकृतींमध्ये ती सर्वांत अधिक आढळते. दर दहा हजार जन्मांमागे सु. तीन ते चार अर्भकांत ती असते. हीत चार दोष एकत्र येतात. उजव्या निलयातून फुप्फुस रोहिणीकडे जाणारा मार्ग अरुंद असतो. दोन निलयांमधील पडद्यास मोठे छिद्र असते. महारोहिणीचे मूळ या छिद्रावर, जणू दोन्ही निलयांवर स्वार झाल्यासारखे असते आणि सततच्या श्रमामुळे उजव्या निलयाची भिंत जाड झालेली असते. फुप्फुसांकडे जाण्यास वाट नसल्यामुळे अशुद्ध रक्ताचा काही भाग छिद्रातून थेट महारोहिणीत शिरतो व शरीरभर खेळतो. मूल निळे दिसते ते यामुळे.

या विकृतीचा इतिहास बहुधा १९४४ आणि १९५४ या दोन वर्षांभोवती सांगितला जातो. त्या वर्षी झालेल्या शस्त्रक्रियांनी असाध्य मानलेला रोग साध्य केला, हे खरेच आहे. परंतु शस्त्रक्रिया होऊन घरी गेलेल्या मुलांचे पुढे तीस-चाळीस वर्षांत काय झाले, हा या इतिहासाचा अधिक लांब आणि कमी परिचित असा भाग आहे. दुरुस्त केलेले हृदय निरोगी हृदयासारखे नसते, हे वैद्यकाला एकाएकी कळले नाही. ते हळूहळू, आणि काही रुग्णांच्या प्राणांच्या मोलाने कळले.

शस्त्रक्रियेपूर्वीचा काळ : डॅनिश शरीररचनाशास्त्रज्ञ नील्स स्टेन्सन यांनी सतराव्या शतकात एका गर्भाच्या हृदयातील अशा रचनेचे वर्णन केले होते. त्यानंतरही तुरळक वर्णने होत राहिली. मार्से येथील वैद्य एत्येन-लुई आर्तूर फॅलो (१८५०–१९११) यांनी १८८८ मध्ये या ‘निळ्या रोगा’वर लेखमाला लिहिली. त्यांचे वैशिष्ट्य असे की, मृत्यूनंतर शवविच्छेदनात जे चार दोष सापडतात ते रुग्ण जिवंत असतानाच ओळखता येतात, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांचे नाव या विकृतीशी जोडले गेले ते पुढे, कॅनडातील विकृतिवैज्ञानिक मॉड ॲबट (१८६९–१९४०) यांच्यामुळे. ॲबट यांनी माँट्रिऑल येथे जन्मजात हृद्‌विकृतींचा संग्रह उभारला आणि १९३६ मध्ये अशा एक हजार रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. तो ग्रंथ मुख्यतः मृतांच्या हृदयांवर आधारलेला होता. त्या वेळी जन्मजात हृद्‌रोगाचा अभ्यास म्हणजे शवविच्छेदनाचा अभ्यास, अशीच स्थिती होती.

उपचारांवाचून या मुलांचे भवितव्य काय असे, याचा अंदाज नंतर केलेल्या संकलनांवरून येतो. सु. दोन-तृतीयांश मुले पहिले वर्ष पार करीत, निम्मी तिसऱ्या वर्षापर्यंत जगत आणि दहाव्या वाढदिवसापर्यंत जेमतेम एक-चतुर्थांश पोहोचत. वयाची चाळिशी गाठणारे शंभरात तीन असत. चार पावले चालले की ही मुले उकिडवी बसत. त्यामुळे पायांकडील रक्तवाहिन्यांतील रोध वाढून थोडे अधिक रक्त फुप्फुसांकडे वळते. हा उपाय मुलांना कोणी शिकविलेला नसे. निदानाचे एक लक्षण म्हणून वैद्यांनी तो पुढे पाठ्यपुस्तकांत नोंदविला.

जोडवाहिनीची शस्त्रक्रिया : बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील बालहृद्‌रोगतज्ञ हेलन टाउसिग (१८९८–१९८६) यांना ऐकू कमी येत असे, हृदयाचे ठोके त्या हाताच्या स्पर्शाने पारखीत. गर्भावस्थेत महारोहिणी व फुप्फुस रोहिणी यांना जोडणारी वाहिनी जन्मानंतर उघडी राहिली, तर निळ्या मुलांची प्रकृती बरी असते आणि ती बंद झाली की खालावते, असे त्यांच्या ध्यानात आले. मग अशी वाहिनी मुद्दाम तयार करता येणार नाही काय, असा प्रश्न त्यांनी प्रथम बॉस्टनमध्ये आणि नंतर आपल्याच रुग्णालयातील शस्त्रक्रियाविशारद ॲल्फ्रेड ब्लॅलॉक (१८९९–१९६४) यांच्यापुढे मांडला. प्रयोगशाळेत कुत्र्यांवर ही शस्त्रक्रिया बसविण्याचे काम व्हिव्हिअन टॉमस (१९१०–८५) यांनी केले. टॉमस कृष्णवर्णी होते, त्यांच्याजवळ वैद्यकाची पदवी नव्हती आणि त्यांच्या कामाची जाहीर दखल घेण्यास संस्थेला कित्येक दशके लागली. १९७६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी पंधरा महिन्यांच्या एका मुलीवर पहिली शस्त्रक्रिया झाली. हाताकडे जाणारी अधोजत्रू रोहिणी तोडून तिचे टोक फुप्फुस रोहिणीला शिवण्यात आले. टॉमस ब्लॅलॉक यांच्या मागे उभे राहून सूचना देत होते. ही मुलगी सुधारली, पण काही महिन्यांनी पुन्हा निळी पडली आणि दगावली. तिसरा रुग्ण सहा वर्षांचा मुलगा होता. रोहिणीवरचा चिमटा काढताच त्याचे ओठ गुलाबी झाले. मे १९४५ मध्ये या तीन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध झाली आणि जगभरातून निळी मुले बॉल्टिमोरला येऊ लागली.

या शस्त्रक्रियेने हृदयाला हात लावला नव्हता. चारही दोष जागच्या जागी होते. म्हणून ती करणाऱ्यांनीही तिला कधी बरे करणारी म्हटले नाही. टाउसिग १९६३ मध्ये निवृत्त झाल्या, तरी आपल्या जुन्या रुग्णांचा माग काढण्याचे काम त्यांनी सोडले नाही. त्यांच्या दीर्घकालीन निरीक्षणांवरील लेख १९७० नंतरच्या दशकात क्रमाने प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया झालेल्या मुलाचा वैद्याशी असलेला संबंध टाके काढल्यावर संपत नाही, हे तत्त्व म्हणून सांगितले जाण्यापूर्वी टाउसिग यांनी ते आचरणात आणले होते. मूल वाढते तशी ही जोड अपुरी पडते. याउलट पॉट्स (१९४६) व वॉटरस्टन (१९६२) यांनी सुचविलेल्या, थेट महारोहिणीपासून काढलेल्या जोडी कधीकधी प्रमाणाबाहेर मोठ्या होऊन फुप्फुसांतील रक्तदाब कायमचा वाढवीत. त्यामुळे त्या मागे पडल्या. ज्यांच्यावर मूळ पद्धतीची शस्त्रक्रिया झाली होती, त्यांच्या त्या बाजूच्या मनगटाची नाडी क्षीण लागते किंवा लागतच नाही आणि त्या हातावर मोजलेला रक्तदाब चुकीचा येतो. हे ठाऊक नसलेल्या वैद्याची पन्नास वर्षांनीही फसगत होऊ शकते.

हृदयाच्या आतील दुरुस्ती : हृदय उघडून दोष दुरुस्त करावयाचे तर तेवढा वेळ रक्ताभिसरण बाहेरून चालविणे आवश्यक होते. मिनेसोटा विद्यापीठातील सी. वॉल्टन लिलेहाय (१९१८–९९) यांनी १९५४ मध्ये यासाठी मुलाच्या आईची किंवा वडिलांची योजना केली. पालकाच्या व मुलाच्या रक्तवाहिन्या नळ्यांनी जोडून पालकाच्या हृदय-फुप्फुसांवर मुलाचे रक्ताभिसरण चालविले जाई. एका शस्त्रक्रियेत दोन माणसे दगावण्याचा संभव असलेली अशी दुसरी पद्धत वैद्यकात नसावी. या पद्धतीने सु. वर्षभरात ४५ रुग्णांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी ३१ ऑगस्ट १९५४ रोजी झालेली शस्त्रक्रिया ही फॅलो चतुष्काची हृदयाच्या आतून केलेली पहिली दुरुस्ती होय. १९५५ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये जॉन कर्कलिन (१९१७–२००४) यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने हीच दुरुस्ती केली आणि पालकाला शस्त्रक्रियेच्या मेजावर निजविण्याची गरज उरली नाही.

दुरुस्तीत दोन गोष्टी कराव्या लागतात : पडद्याचे छिद्र ठिगळ लावून बुजविणे आणि उजव्या निलयाची अरुंद वाट रुंद करणे. या दोन्हींनी पुढच्या दशकांतील प्रश्नांची बीजे पेरली. छिद्राच्या काठानेच हृदयातील विद्युत् संवेग वाहून नेणारा तंतूंचा जुडगा जातो. तो टाक्यात सापडला की अलिंदे व निलये यांच्यातील मेळ तुटतो व पूर्ण हृद्‌रोध होतो. सुरुवातीच्या काळात असे रुग्ण दगावत. १९५७ च्या प्रारंभी लिलेहाय यांनी हृदयाच्या स्नायूत तार बसवून बाहेरील यंत्राने ठोके चालविण्यास सुरुवात केली. परंतु ते यंत्र भिंतीतील विजेवर चालत असल्यामुळे मुलाला वायरीच्या लांबीपलीकडे जाता येत नसे. ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी मिनीॲपोलिस परिसरात वीज गेली, तेव्हा या व्यवस्थेतील धोका उघड झाला. लिलेहाय यांच्या सांगण्यावरून अर्ल बाकेन या विद्युत् तंत्रज्ञाने काही आठवड्यांतच विद्युत् घटावर चालणारा, अंगावर बाळगता येईल असा पेसमेकर तयार केला. पेसमेकरचा इतिहास प्रौढांच्या हृद्‌रोगापासून सुरू झाला असा समज आहे. त्यातील हा महत्त्वाचा टप्पा मात्र जन्मजात विकृती असलेल्या मुलांच्या शस्त्रक्रियेने गाठला, हे सहसा सांगितले जात नाही.

‘संपूर्ण दुरुस्ती’ : जोडवाहिनीपासून वेगळी ओळखता यावी म्हणून या शस्त्रक्रियेस ‘संपूर्ण दुरुस्ती’ म्हणण्याचा प्रघात पडला. तांत्रिक अर्थाने तो शब्द बरोबर होता, कारण रक्ताचे दोन्ही मार्ग एकमेकांपासून खरोखरच वेगळे होत. आईबापांनी मात्र त्याचा व्यवहारातला अर्थ घेतला आणि बहुतेक वैद्यांनीही तोच घेऊ दिला. मूल निळे होते, ते गुलाबी झाले. चालू न शकणारे धावू लागले. कित्येकांना काही वर्षे तपासून पुन्हा येण्याची आवश्यकता नाही असे सांगण्यात आले. त्यांना दोष देणे सोपे असले तरी न्याय्य नाही. दहाव्या वर्षाआधी मरणाऱ्या मुलाचे चाळिसाव्या वर्षी काय होईल हा प्रश्न १९५५ मध्ये कोणाला पडण्यासारखा नव्हता, आणि पडला असता तरी त्याचे उत्तर देऊ शकेल असा एकही रुग्ण तेव्हा अस्तित्वात नव्हता.

गळकी झडप : अरुंद वाट रुंद करताना पुष्कळदा फुप्फुस झडपेच्या कड्यातून आडवा छेद घेऊन तेथे ठिगळ लावावे लागे. त्यामुळे अडथळा नाहीसा होई. पण झडप मिटेनाशी होऊन फुप्फुस रोहिणीत गेलेले रक्त प्रत्येक ठोक्याला काही अंशी उजव्या निलयात परत येई. या प्रत्यावहनाकडे दोन दशकांहून अधिक काळ दुर्लक्ष झाले. फुप्फुसांकडील दाब कमी असतो, त्यामुळे ही गळती उजव्या निलयाला सहज सोसते, असा तर्क होता. प्राण्यांवरील अल्पकालीन प्रयोगांनीही त्यास पुष्टी मिळाली होती. अडथळा शिल्लक राहिला तर मूल शस्त्रक्रियेच्या रात्रीच दगावण्याची भीती असे, तर गळती राहिली तर लगेच काही होत नसे. शस्त्रक्रियाविशारदांनी कोणता दोष पत्करावा हे यावरून ठरे.

हा तर्क मोडला तो काळाने. इतर दोष नसताना केवळ फुप्फुस झडप जन्मतःच गळकी असलेल्या व्यक्तींचा एक आढावा १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. तारुण्यात त्यांना फारशी तक्रार नसते, चाळिशीनंतर मात्र लक्षणे झपाट्याने वाढतात, असे त्यात दिसून आले. त्या सुमारास चतुष्काची दुरुस्ती झालेली पहिली पिढीही तिशी-चाळिशीत येत होती. सतत जास्तीचे रक्त सामावून घेऊन त्यांचे उजवे निलय फुगत चालले होते. निलय फुगले की त्रिदली झडपही गळू लागते, अलिंदे ताणली जातात आणि हृदयाचा ताल बिघडतो. रुग्णाला मात्र यातले फारसे काही जाणवत नाही. लहानपणापासून जे बळ अंगी आहे तेच त्याला पूर्ण बळ वाटते. जिना चढताना लागणारी धाप तो वयाच्या माथी मारतो. म्हणून ‘तक्रार नाही’ या उत्तरावर या रोगात विसंबता येत नाही. श्रमचाचणीत मोजलेले बळ आणि रुग्णाने सांगितलेले बळ यांत पुष्कळ अंतर पडते.

आकस्मिक मृत्यूंचे प्रकरण याहून गंभीर होते. शस्त्रक्रिया यशस्वी झालेली, शाळेत किंवा नोकरीवर जाणारी तरुण मुले अचानक दगावल्याच्या नोंदी १९७० नंतरच्या दशकात वैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागल्या. प्रथम संशय हृद्‌रोधावर होता. पुढे लक्ष निलयातून उद्‌भवणाऱ्या जलद व घातक तालभंगाकडे वळले. निलयावरील जुना छेद व ठिगळ यांच्याभोवती विद्युत् संवेग फिरत राहू शकतो, हे त्याचे कारण. लंडन येथील गॅट्झूलिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये या दोन धाग्यांची गाठ घातली. विद्युत् हृल्लेखातील क्यूआरएस या लहरींची रुंदी १८० मिलिसेकंद किंवा अधिक असणाऱ्या रुग्णांत हा तालभंग विशेष आढळतो आणि ही रुंदी निलयाच्या फुगण्याबरोबर वाढते, असे त्यांनी दाखविले. गळकी झडप ही निरुपद्रवी बाब राहिली नाही. ज्या तपासणीला काही मिनिटे आणि कागदाची एक पट्टी लागते, तिच्यातून धोक्याची सूचना मिळू शकते हाही या शोधाचा मोठा लाभ. सहा केंद्रांतील ७९३ रुग्णांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याचे समर्थन झाले. अशा काही रुग्णांच्या शरीरात आता डीफिब्रिलेटर बसवितात.

दीर्घकालीन पाहण्या : एकूण चित्र निराशाजनक मात्र नाही. लिलेहाय व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये आपल्या सर्वांत जुन्या १०६ रुग्णांचा वृत्तांत दिला. रुग्णालयातून घरी गेलेल्यांपैकी सु. ७७ टक्के तीस वर्षांनी हयात असल्याचे त्यात दिसते. त्यांतील कित्येकांनी उच्च शिक्षण घेतले होते व त्यांना मुलेबाळे झाली होती. मेयो क्लिनिकमध्ये १९५५ ते १९६० या काळात शस्त्रक्रिया झालेल्या १६३ रुग्णांची पाहणी १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. बत्तीस वर्षांनी त्यांच्यापैकी ८६ टक्के जिवंत होते. त्याच वयाच्या सर्वसाधारण लोकसंख्येत हे प्रमाण ९६ टक्के अपेक्षित होते. बाराव्या वर्षानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांत ते ७६ टक्क्यांवर घसरले होते. दुरुस्तीला जितका उशीर तितकी हृदयाची झीज अधिक, असा त्याचा अर्थ होतो. बॉस्टन येथे आल्डो कास्तानेडा यांनी १९७० नंतर अर्भकावस्थेतच दुरुस्ती करण्याचा जो पुरस्कार केला, त्यास अशा पाहण्यांनी बळ मिळाले.

म्युनिक येथील पाहणी (१९९७) या सर्वांत अधिक बोलकी आहे. पहिले वर्ष पार केलेल्या ४९० रुग्णांपैकी ८५ टक्के ३६ वर्षांनी हयात होते. परंतु मृत्यूचे वार्षिक प्रमाण पहिली पंचवीस वर्षे ०·२४ टक्के होते, ते त्यानंतर ०·९४ टक्क्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ चौपट वाढले. ज्या काळात रुग्ण स्वतःला पूर्ण बरा समजून तपासणी सोडून देतो, नेमका त्याच काळानंतर धोका वाढू लागतो.

प्रौढांसाठी स्वतंत्र व्यवस्था : वाढत्या वयाच्या या रुग्णांना कोठे पाठवावे हा प्रश्न तोवर कोणत्याच देशात नीट सुटला नव्हता. बालरुग्णालयात त्यांना वयामुळे जागा नव्हती. प्रौढांच्या हृद्‌रोगतज्ञाचे सारे शिक्षण हृद्‌रोहिणींचा रोग व उच्च रक्तदाब यांभोवती झालेले असे. जन्मजात विकृती, त्यातही शस्त्रक्रियेने बदललेली, त्याने क्वचितच पाहिलेली असे. लंडनच्या नॅशनल हार्ट हॉस्पिटलमध्ये जेन सॉमरव्हिल यांनी १९७५ मध्ये किशोरवयीन व प्रौढ रुग्णांसाठी स्वतंत्र कक्ष सुरू केला. लॉस अँजेल्स येथे जोसेफ पर्लॉफ (१९२४–२०१४) यांनी १९८० मध्ये असेच केंद्र उभारले. टोराँटो येथील केंद्र याहूनही जुने आहे. अमेरिकेत या शाखेची स्वतंत्र तज्ञपरीक्षा २०१५ मध्ये प्रथम घेण्यात आली.

केंद्रे निघाली तरी रुग्ण तेथे पोहोचतातच असे नाही. गुंतागुंतीच्या विकृती असलेल्या टोराँटो येथील ३६० तरुणांच्या पाहणीत (२००४) बालविभागातून प्रौढ विभागात सुखरूप पोहोचलेले ४७ टक्केच निघाले. क्वीबेक प्रांतातील दुसऱ्या पाहणीत (२००९) सहाव्या वाढदिवसानंतर २८ टक्के, तेराव्यानंतर ४७ टक्के व अठराव्यानंतर ६१ टक्के रुग्णांची हृद्‌रोगतज्ञांकडील तपासणी थांबल्याचे आढळले. वैद्यकीय सेवा सरकारी खर्चाने मिळणाऱ्या देशातील ही स्थिती आहे. तेव्हा केवळ पैशाचा अभाव हे याचे कारण नव्हे. लहानपणी मुलाला दवाखान्यात आई नेते. शस्त्रक्रियेचा इतिहास तिला पाठ असतो, मुलाला नसतो. ते स्वतंत्र झाले की इतिहास आईजवळ राहतो आणि छातीवरचा व्रण मुलाजवळ. त्याच प्रांतातील २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, विशेष केंद्रांकडे रुग्ण पाठविण्याचे प्रमाण वाढल्यावर मृत्यूंचे प्रमाण घटल्याचे दिसून आले.

झडप बदलणे : गळक्या झडपेच्या जागी नवी झडप केव्हा बसवावी, हा या देखभालीतील सर्वांत वादग्रस्त प्रश्न होय. प्राणिज ऊतकाची झडप बहुधा दहा-पंधरा वर्षांत झिजते. ती फार लवकर बसविली, तर आयुष्यात पुन्हापुन्हा छाती उघडावी लागते. फार उशिरा बसविली, तर फुगलेले निलय पूर्ववत् होत नाही. टोराँटो येथील प्रौढ रुग्णांच्या अभ्यासात (२०००) उशिरा झडप बदलूनही निलयाचे कार्य सुधारले नव्हते. पुढे चुंबकीय अनुस्पंदनाने निलयाचे आकारमान अचूक मोजता येऊ लागले आणि निर्णयाला आकड्यांचा आधार मिळाला. युरोपीय हृद्‌रोग संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार तीव्र प्रत्यावहन असलेल्या निलयाचे प्रसरणान्ती आकारमान शरीराच्या दर चौ. मी. पृष्ठास १६० मिलि. किंवा आकुंचनान्ती आकारमान ८० मिलि. झाले, तर तक्रार नसतानाही झडप बदलण्याचा विचार करावा, असे आहे. २००० साली पॅरिसमध्ये फिलिप बॉनहोफर यांनी रक्तवाहिनीतून सरकविलेल्या नळीद्वारे, छाती न उघडता, एका बारा वर्षांच्या मुलाच्या हृदयात फुप्फुस झडप बसविली. या तंत्राने वरील पेच पुष्कळसा सैल केला आहे.

रोजची काळजी : दुरुस्ती झालेल्या रुग्णाची विशेष केंद्रात साधारणपणे दर एक ते दोन वर्षांनी तपासणी व्हावी, असा संकेत आहे. तीत विद्युत् हृल्लेख, श्राव्यातीत ध्वनितरंगांनी काढलेले हृदयाचे चित्र (रुग्णांच्या बोलण्यातील ‘इको’) आणि अधूनमधून श्रमचाचणी व चुंबकीय अनुस्पंदन यांचा समावेश होतो. महारोहिणीचे मूळ विस्तारत नाही ना, हेही पाहावे लागते. हृदयाच्या अंतःस्तरास जंतुसंसर्ग होण्याचा धोका टाळण्यासाठी दात व हिरड्या निरोगी ठेवणे अत्यंत महत्त्वाचे असते. दातांच्या उपचारापूर्वी प्रतिजैविक औषध देण्याची पूर्वीची सरसकट प्रथा २००७ पासून मर्यादित झाली असून, कृत्रिम झडप असलेल्या किंवा पूर्वी हा संसर्ग होऊन गेलेल्या व्यक्तींसारख्या अधिक धोक्याच्या रुग्णांपुरतीच ती उरली आहे.

खेळण्याची सरसकट बंदीही आता राहिलेली नाही. हिमफळीवरील कसरतींत तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळविणारा अमेरिकन खेळाडू शॉन व्हाइट हा जन्मतः फॅलो चतुष्काचा रुग्ण होता. अर्थात प्रत्येकाला कितपत श्रम झेपतील हे तपासणीनेच ठरते. दुरुस्ती चांगली झालेल्या बहुतेक स्त्रियांना गर्भारपण सोसते. मात्र तीव्र गळती किंवा दुर्बळ निलय असल्यास त्याचा विचार गर्भधारणेपूर्वीच करावा लागतो. चतुष्काच्या सु. १५ टक्के रुग्णांत बाविसाव्या गुणसूत्राचा लहानसा तुकडा गळालेला असतो. असा दोष असलेल्या आईचा किंवा वडिलांचा तो दोष प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते.

भारतातील स्थिती : उघड्या हृदयावरील शस्त्रक्रिया भारतात वेल्लोर, मुंबई इ. ठिकाणी १९६० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी सुरू झाल्या. पाश्चात्त्य देशांत हा रोग अर्भकावस्थेतच दुरुस्त होऊ लागल्यानंतरही, भारतात दुरुस्तीसाठी प्रथमच आलेले किशोरवयीन व प्रौढ रुग्ण दिसत राहिले. मेयो क्लिनिकच्या पाहणीतील उशिरा शस्त्रक्रिया झालेल्या गटाशी त्यांचे साम्य आहे. म्हणजेच दीर्घकालीन देखभालीची गरज त्यांनाच अधिक असते. प्रत्यक्षात रुग्णालय दूरच्या शहरात असते, प्रवासाला रोजगार बुडतो आणि मूल हसतेखेळते असल्यावर जाण्याचे कारण घरच्यांना दिसत नाही. मुलीच्या बाबतीत लग्न ठरताना शस्त्रक्रियेची गोष्ट झाकून ठेवली जाते. एकदा झाकली की सासरी तपासणीला जाणेही अवघड होते, आणि पुष्कळदा प्रसूतीच्या वेळीच व्रणाचे कारण विचारले जाते.

बालकांच्या आरोग्यतपासणीचा ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रात पालघर येथे सुरू झाला. अंगणवाड्या व शाळांतून मुलांची तपासणी करून जन्मजात हृद्‌विकृती हुडकणे व त्यांना शस्त्रक्रियेसाठी पाठविणे हा त्याचा एक भाग आहे. केरळ राज्याने २०१७ मध्ये जन्मजात हृद्‌रोग असलेल्या मुलांची नोंद ठेवणारी ‘हृद्यम्’ ही योजना सुरू केली. अशा प्रयत्नांमुळे पूर्वी जी मुले निदानावाचूनच मरत, ती आता वेळेवर दुरुस्त होऊन मोठी होऊ लागली आहेत. राष्ट्रीय कार्यक्रमाची वयोमर्यादा अठरा वर्षे आहे, आणि गळक्या फुप्फुस झडपेचे परिणाम बहुधा त्यानंतर दिसू लागतात. मोठ्या शहरांतील काही संस्थांनी अशा प्रौढ रुग्णांसाठी वेगळे बाह्यरुग्ण विभाग चालविले आहेत. इतरत्र हे रुग्ण गावच्या किंवा तालुक्याच्या वैद्याकडे धाप, धडधड किंवा भोवळ यांची तक्रार घेऊन येतात. तेथे मूळ शस्त्रक्रियेचा कागद जवळ असला, तर पुढील मार्ग बराचसा सोपा होतो.